विश्लेषण : नाकातून मेंदूकडे जाणारी वाट हार्वे कुशिंग यांनी का सोडली? एंडोस्कोप आणि एक्सोस्कोपमुळे ती पुन्हा कशी रुळली?

रसायनीतल्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसाला आपल्या सेफ्टी शूजचा नंबर पाठ असतो. समजा, वर्षानुवर्षे आठ नंबरचे बूट घालणाऱ्या चाळिशीतल्या एका कामगाराला आता नऊ नंबरही घट्ट होऊ लागला. बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. दांड फाट्यावर बाइक वळवताना बाजूने येणारा ट्रक अगदी जवळ आल्यावरच दिसू लागला. बूट, अंगठी आणि नजर या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच असेल, असे घरात कुणालाही वाटणार नाही. पण तसे असू शकते. मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पियूषिका ग्रंथीत, म्हणजेच पिट्युटरीत, गाठ झाली तर असे घडते.

आज अशा बहुतेक गाठी नाकपुडीतून दुर्बीण घालून काढल्या जातात. कवटी उघडावी लागत नाही. ही पद्धत नवी वाटते, पण ही वाट शंभर वर्षांहून जुनी आहे. ज्या सर्जननी ती रुळवली, त्यांनीच नंतर ती सोडून दिली. त्यांचे नाव हार्वे कुशिंग. आधुनिक मेंदूशस्त्रक्रियेचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते. चांगली चाललेली वाट त्यांनी का सोडली, आणि आज एंडोस्कोप व एक्सोस्कोप ही दोन साधने एकत्र वापरून सर्जन तिथे काय साधतात, हे समजून घेऊ.

कवटीचा तळ म्हणजे नेमकी कुठली जागा?

मेंदू ज्या हाडावर टेकलेला असतो तो कवटीचा तळ. हा तळ सपाट नसतो. तो उंचसखल असतो आणि त्याला अनेक भोके असतात. त्यांतून डोळे, कान, चेहरा आणि घसा यांच्या नसा बाहेर पडतात, तर मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या आत शिरतात.

या तळाच्या मधोमध घोड्याच्या खोगिरासारखा एक खळगा आहे. त्यात पियूषिका ग्रंथी बसलेली असते. तिचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पण शरीराची वाढ, पाळी, दूध येणे, थायरॉइड आणि ताणाच्या वेळी लागणारी संप्रेरके या सगळ्यांवर तिचा ताबा असतो. ग्रंथीच्या वर दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसांची फुली असते. डाव्या-उजव्या बाजूला कॅरोटिड धमन्या. खाली हाडाचा पातळ पापुद्रा आणि त्याखाली नाकामागची हवेची पोकळी.

गाठ वर वाढली की नसांच्या त्या फुलीवर दाब येतो आणि दोन्ही बाजूंची नजर जाऊ लागते. समोरचे दिसते, कडेचे दिसत नाही. गाठ वाढीचे संप्रेरक जास्त सोडत असेल तर हात, पाय आणि जबडा मोठा होतो. या आजाराला अ‍ॅक्रोमेगली म्हणतात.

अशा जागी पोहोचायला दोनच मुख्य वाटा आहेत. वरून, म्हणजे कवटी उघडून मेंदू हलकेच उचलून. किंवा खालून, म्हणजे नाकामागच्या पोकळीतून. कुशिंग यांचे सारे आयुष्य या दोन वाटांपैकी कुठली धरायची, या प्रश्नाभोवती फिरले.

हार्वे कुशिंग कोण होते?

कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे झाला. दहा भावंडांतले ते शेंडेफळ. वडील, आजोबा आणि पणजोबा तिघेही डॉक्टर. येल विद्यापीठात ते बेसबॉल खेळले, १८९१मध्ये पदवी घेतली आणि मग हार्वर्डमध्ये वैद्यकीय शिक्षणाला गेले.

तिथे त्यांच्या आयुष्याला वळण देणारी घटना घडली. त्या काळी शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला इथर हुंगवून बेशुद्ध करायचे काम बऱ्याचदा विद्यार्थ्यांकडेच असे. कुशिंग यांच्यावर ती वेळ आली तेव्हा रुग्ण त्यांच्या डोळ्यांदेखत टेबलावरच दगावला. डॉक्टरकी सोडून द्यावी, असे त्यांच्या मनात आले. पण त्यांनी ती सोडली नाही.

पुढे त्यांनी आणि वर्गमित्र अ‍ॅमोरी कॉडमन यांनी एक साधा उपाय काढला. बेशुद्ध रुग्णाची नाडी आणि श्वास ठरावीक वेळाने मोजायचे आणि कागदावर नोंदवायचे. इथरचे हे तक्ते १८९४-९५मधले. आज कुठल्याही ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञासमोर जे आलेख चालू असतात, त्यांची सुरुवात या कागदांपासून होते. चूक झाली तर ती लपवायची नाही, मोजायची आणि लिहून ठेवायची, ही सवय कुशिंग यांना तिथे लागली आणि मरेपर्यंत सुटली नाही.

मेंदूकडे ते कसे वळले?

१८९६मध्ये कुशिंग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांच्या हाताखाली आले. इतर सर्जन झटपट कापाकापी करण्यात भूषण मानत, तेव्हा हॉल्स्टेड सावकाश आणि हलक्या हाताने काम करत. कुशिंग यांनी तो हात उचलला.

१९००-०१मध्ये ते युरोपात गेले. स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये त्यांनी कवटीतला दाब वाढला की रक्तदाबही वाढतो, हे प्रयोगांतून दाखवले. आयसीयूमध्ये डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचा रक्तदाब चढू लागला आणि नाडी मंदावली की डॉक्टर सावध होतात, ते याच ज्ञानामुळे. इटलीत त्यांनी दंडाला बांधून रक्तदाब मोजायचा पट्टा पाहिला आणि तो अमेरिकेत आणला. आज मोहोपाड्यातल्या दवाखान्यातही डॉक्टर आधी तोच पट्टा बांधतात.

त्या काळी मेंदूच्या गाठीवर हात घालणारे सर्जन मोजकेच होते आणि त्यांचे बहुतेक रुग्ण वाचत नसत. एक्स-रे नुकताच आला होता, पण त्यात मेंदू दिसत नाही. सीटी, एमआरआय, प्रतिजैविके, स्टेरॉइड यांपैकी काहीही नव्हते. या अवस्थेत कुशिंग यांनी पूर्णवेळ मेंदूच्याच शस्त्रक्रिया करायचे ठरवले. रक्तस्राव थांबवायला त्यांनी चांदीच्या बारीक चिमट्या वापरल्या. १९२६मध्ये विल्यम बोवी या शास्त्रज्ञाबरोबर विजेने रक्तवाहिनी जाळून बंद करणारे यंत्र थिएटरमध्ये आणले. बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात ते १९१३पासून मुख्य सर्जन होते. तिथे त्यांची एकेक शस्त्रक्रिया कित्येक तास चाले.

नाकाची वाट त्यांनी कशी धरली?

नाकाच्या बाजूने पियूषिकेपर्यंत जायची पहिली शस्त्रक्रिया १९०७मध्ये ऑस्ट्रियातल्या हर्मान श्लोफर यांनी केली होती. त्यासाठी त्यांनी नाक बाजूला वळवले होते. चेहऱ्यावर मोठा व्रण राहत असे. कुशिंग यांनी १९०९मध्ये अ‍ॅक्रोमेगली झालेल्या एका शेतकऱ्यावर अशी पहिली शस्त्रक्रिया केली. पुढे त्यांनी पद्धत बदलली. वरचा ओठ उचलून हिरडीवर छेद घ्यायचा, नाकाच्या पडद्याच्या कडेने आत जायचे, पोकळी उघडायची आणि खालून ग्रंथी गाठायची. बाहेर व्रण नाही आणि मेंदूला स्पर्शही नाही.

१९१० ते १९२५ या काळात त्यांनी या वाटेने २३१ शस्त्रक्रिया केल्या. मृत्युदर होता ५.६ टक्के. प्रतिजैविकांच्या आधीच्या काळात हा आकडा विश्वास बसू नये इतका चांगला होता.

मग अडचण कुठे होती? उजेडाची. कपाळावर बांधलेला दिवा हा त्यांचा उजेडाचा आधार. दिवा बाहेर, गाठ आत खोल, आणि मध्ये बोटभर रुंदीचा बोगदा. सर्जनचा हात आणि अवजार आत गेले की उजेड अडायचा. जे समोर सरळ रेषेत आहे तेवढेच दिसायचे. गाठीचा वर गेलेला भाग आणि बाजूच्या धमनीला चिकटलेला तुकडा दिसत नसे. न दिसणारी गाठ ओढली तर धमनी फाटण्याची भीती, आणि ठेवली तर ती पुन्हा वाढणार.

ती वाट त्यांनी का सोडली?

१९२०च्या दशकाच्या शेवटी कुशिंग हळूहळू कवटी उघडूनच पियूषिकेवर शस्त्रक्रिया करू लागले आणि नाकाची वाट त्यांनी जवळपास बंद केली. कारणे सरळ होती. वरून गेले तर दृष्टीच्या नसा डोळ्यांसमोर दिसत, त्यामुळे त्यांच्यावरचा दाब नेमका काढता येई. खालून जाताना पियूषिकेची गाठ समजून जे उघडले, ते कधी दुसऱ्याच प्रकारचे निघे. एमआरआय नसताना आधी कळायला मार्ग नव्हता. नाकातून जंतू मेंदूपर्यंत पोहोचण्याची धास्ती होतीच. शिवाय तोवर त्यांचा हात इतका बसला होता की कवटी उघडून होणारे मृत्यूही खूप कमी झाले होते.

म्हणजे वाट चुकीची होती म्हणून त्यांनी ती सोडली नाही. तिथे पुरेसे दिसत नव्हते म्हणून सोडली. पण कुशिंग यांचा दबदबा एवढा होता की त्यांच्या मागोमाग जवळपास सगळ्या जगाने ती सोडली. पुढची तीसेक वर्षे हजारो रुग्णांची कवटी उघडली गेली. त्यांतल्या कित्येकांचे काम नाकातून होण्यासारखे होते.

माणूस म्हणून कुशिंग कसे होते?

कठोर. स्वतःशी आणि सोबतच्यांशीही. थिएटरमध्ये साहाय्यक त्यांना घाबरून असत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या वॉल्टर डँडी यांच्याशी त्यांचे कायमचे बिनसले. याच डँडी यांनी १९२२मध्ये मूत्राशय तपासायच्या दुर्बिणीने मेंदूतल्या पोकळ्यांत डोकावून पाहिले होते. मेंदूत दुर्बीण घालण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांतला तो एक.

घरी पत्नी कॅथरिन यांनी पाच मुले जवळपास एकटीने वाढवली. पहिल्या महायुद्धात कुशिंग फ्रान्समध्ये होते. मेंदूत घुसलेले लोखंडी तुकडे त्यांनी चुंबकाने काढले आणि डोक्याच्या जखमांमधला मृत्युदर तीन महिन्यांत जवळपास निम्म्यावर आणला. ऑगस्ट १९१७मध्ये त्यांचे गुरुतुल्य मित्र विल्यम ऑस्लर यांचा एकुलता मुलगा जखमी होऊन आला. कुशिंग त्याच्याजवळ होते, पण तो वाचला नाही. १९१८मध्ये ते स्वतः आजारी पडले. पायांतली ताकद गेली ती पूर्ण परत आली नाही.

ऑस्लर यांचे चरित्र त्यांनी लिहिले आणि १९२६मध्ये त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचा थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात गेला. बातमी आली तेव्हा कुशिंग यांच्यासमोर त्या दिवशीची शस्त्रक्रिया होती. त्यांनी घरी फोन केला आणि मग ती शस्त्रक्रिया पूर्ण केली. कुणाला यात कर्तव्य दिसेल, कुणाला कोरडेपणा.

दुसऱ्याच वर्षी आणखी एक धक्का बसला. जनरल लिओनार्ड वुड यांच्या डोक्यातली गाठ कुशिंग यांनी १९१०मध्ये काढली होती. त्या यशाने त्यांचे नाव झाले. त्यानंतर वुड अमेरिकी लष्कराचे प्रमुख झाले. गाठ पुन्हा वाढली आणि ऑगस्ट १९२७मध्ये कुशिंग यांनी पुन्हा शस्त्रक्रिया केली. या वेळी वुड वाचले नाहीत. हे अपयशही त्यांनी इतर नोंदींसारखेच नोंदवून ठेवले.

त्यांच्या नोंदींचे पुढे काय झाले?

१५ एप्रिल १९३१ रोजी कुशिंग यांनी तपासून खात्री केलेली दोन हजारावी मेंदूची गाठ काढली. दुसऱ्या वर्षी त्यांनी १२ रुग्णांचा अभ्यास मांडला. चंद्रासारखा गोल चेहरा, पोटावर चरबी, जांभळे पट्टे, चढलेला रक्तदाब. या सगळ्याच्या मुळाशी पियूषिकेतली बारीकशी गाठ असते, असे त्यांनी सांगितले. तो आजार आज कुशिंग यांच्याच नावाने ओळखला जातो. गंमत अशी की ही गाठ इतकी लहान असते की त्या काळच्या कुठल्याही साधनाने ती जिवंत रुग्णात दिसणे कठीण होते.

७ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यू हेवन येथे हृदयविकाराने कुशिंग यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्या स्वतःच्या मेंदूतही एक छोटी गाठ सापडली. आयुष्यभर इतरांच्या मेंदूतल्या गाठी शोधणाऱ्या माणसाला तिचा पत्ता नव्हता.

त्यांनी काढलेल्या गाठी आणि रुग्णांचे मेंदू काचेच्या बरण्यांत ठेवलेले होते. सहकारी लुईस आयझेनहार्ट यांनी त्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे सांभाळल्या. नंतर या बरण्या येलमधल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाखाली तळघरात पडून राहिल्या. २०१०मध्ये त्यांच्यासाठी कुशिंग सेंटर उघडले. तिथे आज शेकडो बरण्या पाहता येतात.

इथे रसायनीशी एक नाते लागते. बरण्यांतले नमुने टिकतात ते फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणामुळे, ज्याला आपण फॉर्मलिन म्हणतो. १९६०मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सच्या म्हणजे आपल्या एचओसीच्या रसायनीतल्या कारखान्यात नायट्रोबेंझिन आणि अ‍ॅनिलिनबरोबर हेच फॉर्मल्डिहाइड बनत असे. गाठ कुठल्या प्रकारची आहे हे ठरवायला ती आजही आधी फॉर्मलिनमध्येच टाकून प्रयोगशाळेत पाठवतात.

नाकाची वाट जिवंत कुणी ठेवली?

एका शिष्याने. स्कॉटलंडचे नॉर्मन डॉट १९२३-२४मध्ये कुशिंग यांच्याकडे शिकले. गुरूंनी वाट सोडली, पण डॉट एडिंबरात त्याच वाटेने जात राहिले. उजेडाच्या अडचणीवर त्यांनी आत घालायच्या अवजारालाच दिवे बसवले. १९५६मध्ये पॅरिसचे जेरार्ड ग्यो यांनी त्यांचे काम पाहिले आणि ते फ्रान्सला नेले. त्यांच्याकडून माँट्रियलचे ज्यूल्स हार्डी शिकले. हार्डी यांनी १९६०च्या दशकात तिथे शस्त्रक्रियेची सूक्ष्मदर्शी आणली. गाठ मोठी दिसू लागली आणि नाकाची वाट पुन्हा रुळली.

कुशिंग यांची परंपरा भारतातही याच माँट्रियलमार्गे आली. कुशिंग यांच्याकडे उमेदवारी केलेल्या वाइल्डर पेनफील्ड यांच्याकडे जेकब चांडी शिकले आणि १९४९मध्ये त्यांनी वेल्लोरला मेंदूशस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला.

एंडोस्कोप आणि एक्सोस्कोपमध्ये फरक काय?

गावातल्या जुन्या विहिरीचे उदाहरण घ्या. काठावर उभे राहून खाली पाहिले तर पाणी दिसते, पण काठाखालची कपार दिसत नाही. पोहऱ्याला कॅमेरा आणि टॉर्च बांधून आत सोडला तर कपारही दिसते. काठावरून पाहणे म्हणजे सूक्ष्मदर्शी किंवा एक्सोस्कोप. आत सोडलेला कॅमेरा म्हणजे एंडोस्कोप.

एंडोस्कोप ही साधारण ४ मिलिमीटर जाडीची कडक नळी असते. जुन्या नळ्यांत हवा जास्त आणि भिंगे छोटी असत, त्यामुळे चित्र अंधुक दिसे. ग्यो यांनी १९६३मध्ये पियूषिकेसाठी एंडोस्कोप वापरून पाहिला, पण तेव्हा तो रुजला नाही. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी रचनाच उलटी केली. नळीत लांब काचेच्या कांड्या आणि त्यांच्यामध्ये हवेच्या पातळ फटी. उजेड कितीतरी पटींनी वाढला. बाहेरचा प्रकाश आत नेण्याचे काम काचतंतूंनी केले. त्यावरचे १९५४मधले महत्त्वाचे संशोधन हॉपकिन्स यांच्याबरोबर पंजाबात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी केले होते. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये पूर्णपणे एंडोस्कोपने पियूषिकेच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. टोक ३०, ४५ किंवा ७० अंशांत तिरके असेल तर सर्जनला वळणापलीकडचेही दिसते. कपाळावरच्या दिव्याने कुशिंग यांना जे दिसत नव्हते, ते हेच.

एक्सोस्कोप आत जात नाही. तो रुग्णाच्या वर, हातभर अंतरावर, यांत्रिक हाताला टांगलेला शक्तिशाली कॅमेरा असतो. सर्जन त्रिमितीय चष्मा लावून मोठ्या पडद्यावर पाहतो. सूक्ष्मदर्शीत डोळे घालून मान अवघडून तासन्‌तास बसावे लागत नाही. सर्जनला जे दिसते तेच साहाय्यक, नर्स आणि शिकणाऱ्या डॉक्टरलाही दिसते. ही साधने साधारण गेल्या दीड-दोन दशकांत आली.

मग दोन्ही एकत्र कशासाठी?

कारण प्रत्येकाची एक आंधळी बाजू आहे. एक्सोस्कोप सरळ रेषेतच पाहतो. एंडोस्कोप कोपऱ्यात पाहतो, पण त्याला आपल्या टोकाच्या मागे काय आहे ते दिसत नाही. नळी आत-बाहेर करताना मागच्या नसेला धक्का लागू शकतो. शिवाय तो धरायला एक हात किंवा दुसरा माणूस लागतो आणि अरुंद जागेत जागाही अडते.

म्हणून कामाची वाटणी केली जाते. कानाच्या नसेवरची गाठ घ्या. कानामागे छोटी खिडकी करून एक्सोस्कोपच्या चित्रावर दोन्ही हातांनी गाठीचा मोठा भाग काढतात. मग तिरका एंडोस्कोप हाडाच्या नळीत घालून मागे राहिलेला तुकडा शोधतात. तसे केले नाही तर तो तुकडा पाहण्यासाठी जास्त हाड घासावे लागते किंवा मेंदूचा भाग जास्त ओढावा लागतो.

पियूषिकेची गाठ फार मोठी आणि वरपर्यंत पसरलेली असेल तर काही ठिकाणी दोन पथके एकाच वेळी काम करतात. एक नाकातून एंडोस्कोपने, दुसरे वरून एक्सोस्कोप किंवा सूक्ष्मदर्शीने. कुशिंग यांना वर की खाली, यांतली एकच वाट निवडावी लागली होती. आज गरज असेल तिथे दोन्ही धरता येतात, कारण दोन्हीकडचे दिसते.

मर्यादा कोणत्या?

एंडोस्कोपचे टोक तापते, त्यावर रक्त किंवा वाफ बसते आणि ते सतत धुवावे लागते. अनेक एंडोस्कोपचे चित्र सपाट असते, त्यामुळे खोलीचा अंदाज सरावानेच येतो. एक्सोस्कोप महाग आहे आणि पडद्याकडे पाहत हात चालवायची सवय लागायला वेळ जातो. नाकातून गेल्यावर मेंदूभोवतीचे पाणी गळण्याचा धोका असतो. ते भोक नीट बुजवणे हीसुद्धा वेगळी कला आहे. त्यामुळे यंत्र नवे म्हणून निकाल चांगलाच, असे गणित नाही. सूक्ष्मदर्शीवर हात बसलेला सर्जन तिच्यानेही उत्तम काम करतो.

रसायनीकरांनी काय लक्षात ठेवावे?

पाय सुजण्याची कारणे शंभर असतात. प्रत्येक घट्ट बुटामागे गाठ नसते. पण बूट आणि अंगठीचा नंबर वाढत राहिला, जुन्या फोटोपेक्षा चेहरा आणि जबडा वेगळा दिसू लागला, कडेचे दिसेनासे झाले, बाळंतपण नसताना दूध येऊ लागले किंवा पाळी थांबली, तर डॉक्टरांना हे सगळे एकत्र सांगा. चष्म्याचा नंबर बदलून भागत नसेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नजरेच्या क्षेत्राची तपासणी करून घ्या. पुढे संप्रेरकांच्या रक्तचाचण्या आणि एमआरआय केल्यावर चित्र स्पष्ट होते. काही गाठी केवळ गोळ्यांनीही आटोक्यात येतात.

शस्त्रक्रिया लागणार असेल तर मुंबईत केईएम आणि जे.जे. ही सरकारी-महापालिका रुग्णालये आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मेंदूच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. आपली बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि सर्जनना एक प्रश्न संकोच न करता विचारा. कुठले यंत्र आहे, हा प्रश्न नंतर. आधी विचारा की अशा गाठी तुम्ही किती काढल्या आणि त्या रुग्णांचे पुढे काय झाले. या प्रश्नाचे उत्तर कुशिंग यांच्याकडे लिहून तयार असे. ज्यांचे रुग्ण दगावले त्यांच्या नावांसकट.